रानमोडी उपटा गणपतीत, शिमग्यात नव्हे

गणपतीला मुंबईहून गावी आलेला चाकरमानी सकाळी खळ्यात उभा राहतो, तेव्हा त्याला चहूकडे हिरवेगार दिसते. मालवणहून कसालकडे जाणारा रस्ता असो, आचऱ्याकडची सड्याची उतरण असो की देवगडच्या वाटेवरचे डोंगर, पावसाने सगळे झाकून टाकलेले असते. या हिरवाईत फिकट पोपटी रंगाचे, पुरुषभर उंचीचे एक झुडूप सर्वत्र असते. पाने समोरासमोर, त्रिकोणी आणि कडेला दातेरी. पान चुरगळले की उग्र वास येतो. हीच रानमोडी. ‘घराकडे रान वाढला’ एवढेच म्हणून माणसे तिच्याकडे दुर्लक्ष करतात, कारण सणाची गडबड असते आणि झुडूप निरुपद्रवी दिसते.

तोच चाकरमानी शिमग्याला पुन्हा येतो, तेव्हा तेच झुडूप वाळून खडखडीत झालेले असते. त्याच्या बिया वाऱ्यावर उडून गेलेल्या असतात आणि वणव्याला एक ठिणगी पुरेल अशी स्थिती असते. मग घाईघाईने कोयते निघतात आणि बागेची सफाई सुरू होते. पण तोवर त्या वर्षीची लढाई बहुतांशी हरलेली असते.

या दोन सणांमधल्या सहा महिन्यांत रानमोडी फुलते, बी धरते, बी पसरवते आणि वाळते. तिच्यापासून होणारे नुकसान कमी करायचे असेल, तर किती मजूर लावले यापेक्षा कोणत्या महिन्यात लावले, हे अधिक महत्त्वाचे आहे.

रान मोडणारी पाहुणी

रानमोडीचे शास्त्रीय नाव क्रोमोलिना ओडोराटा. जुन्या पुस्तकांत आणि शेती खात्याच्या बोलण्यात ती युपेटोरियम म्हणूनही भेटते. ती मूळची अमेरिका खंडातली; उत्तरेला मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांपासून दक्षिणेला अर्जेंटिनापर्यंत तिचे घर. एकोणिसाव्या शतकात ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली आणि तिथून बंगाल, आसाम, ब्रह्मदेशात पसरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आसामच्या आघाडीवरून परतलेल्या माणसांच्या सामानातून ती केरळात पोहोचली, असे सांगितले जाते. केरळात तिला ‘कम्युनिस्ट पच्चा’ म्हणजे कम्युनिस्ट हिरवे असे नाव पडले, कारण ती आणि तो पक्ष तिथे एकाच काळात पसरले. कोकणाने तिला दिलेले नाव अधिक नेमके आहे. रान मोडते, ती रानमोडी.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातल्या शंभर अतिउपद्रवी परक्या जातींच्या यादीत ती आहे. तिच्याच सोबतीला या यादीत घाणेरी, जलपर्णी आणि सुबाभूळही आहेत. या चारही वनस्पती महाराष्ट्राला चांगल्याच परिचयाच्या आहेत.

बाहेरून आलेले सगळे वाईट नसते

इथे एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. परकी वनस्पती म्हणजे शत्रू असे समीकरण नाही. सिंधुदुर्गाच्या अर्थकारणाचा आधार असलेला काजू हाही दक्षिण अमेरिकेतलाच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. मालवणी मसाल्यातली मिरची, अननस, पपई, बटाटा, सगळे अमेरिकेतूनच आलेले. पाचशे वर्षांत ते इथलेच झाले, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून काजूच्या नव्या जाती निघाल्या, आणि आज काजूवाचून या जिल्ह्याची कल्पना करता येत नाही.

फरक कुठे पडतो? जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने, म्हणजे आयपीबीईएसने, सप्टेंबर २०२३ मध्ये आक्रमक परक्या जातींवरचा अहवाल प्रसिद्ध केला. माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या ३७ हजारांहून अधिक जातींपैकी साडेतीन हजारांहून अधिक जाती घातक ठरल्या आहेत, असे तो सांगतो. परक्या वनस्पतींपुरते बोलायचे तर आक्रमक ठरलेल्यांचे प्रमाण सुमारे सहा टक्के आहे. म्हणजे शंभर पाहुण्यांतले सहाच घर बळकावतात. पण त्या सहांचा खर्च मोठा असतो. सर्व आक्रमक जातींमुळे २०१९ मध्ये जगाचे झालेले नुकसान वर्षाला ४२३ अब्ज डॉलरहून अधिक असल्याचा अंदाज याच अहवालात आहे.

काजू लावावा लागतो, रानमोडी आपोआप येते. ज्या वनस्पतीला माणसाने जागा दिली नसतानाही ती जागा घेते आणि दुसऱ्याला उगवू देत नाही, ती आक्रमक. सरसकट सगळ्या परक्या झाडांवर कुऱ्हाड चालवण्यात शक्ती घालवण्याऐवजी या मोजक्या जातींवर लक्ष देणे शहाणपणाचे.

तिचे बळ कशात आहे

रानमोडीचे पहिले बळ बियांत. एक मोठे झुडूप एका हंगामात ऐंशी-नव्वद हजारांपर्यंत बिया धरू शकते. बी काळसर, काडीसारखे, पाच मिलिमीटरच्या आतले. टोकाला पांढऱ्या केसांचा झुपका. वारा आला की ते तरंगत जाते. कपड्यांना, गुरांच्या अंगाला, ट्रकच्या चाकांना आणि चिऱ्याच्या किंवा वाळूच्या गाडीला चिकटूनही ते प्रवास करते. नवा रस्ता झाला की दोन-तीन पावसाळ्यांत त्याच्या कडेने रानमोडीची रांग उभी राहते, त्याचे कारण हेच.

दुसरे बळ मुळाशी. जमिनीलगत, खोड आणि मूळ जिथे जुळते तिथे एक जाड गड्डा असतो. वरून कितीही छाटले, जाळले, तरी त्या गड्ड्यातून पहिल्या पावसात नवे धुमारे फुटतात. एका खोडाच्या जागी अनेक येतात. म्हणून नुसते ग्रासकटर फिरवून झालेली सफाई पुढच्या वर्षी अधिक दाट झुडूप देऊन जाते.

तिसरे बळ शत्रू नसण्यात. तिच्या मूळ प्रदेशात तिच्यावर जगणारे किडे, बुरशी यांची मोठी फौज आहे. इथे ती नव्हती. गुरेही तिला तोंड लावत नाहीत. पानांत नायट्रेटचे प्रमाण जास्त असते आणि मुळाफुलांत यकृताला घातक अशी अल्कलॉइड द्रव्ये असतात. कुरणातले चांगले गवत गुरे खातात आणि रानमोडी ठेवतात. दरवर्षी तिचा वाटा वाढतो, गवताचा घटतो.

पण तिची एक मोठी दुर्बलता आहे. तिला ऊन लागते. दाट सावलीत तिचे बी नीट रुजत नाही आणि रुजले तर रोप जोम धरत नाही. गावच्या देवराईत हे डोळ्यांनी पाहता येते. कडेला रानमोडीची भिंत असते, आणि ती ओलांडून आत गेले की मोठ्या झाडांखाली पातेरा, वेली, छोटी रोपे दिसतात. रानमोडी जवळजवळ नाही. तिच्यावरचे सर्वांत टिकाऊ औषध सावली हेच आहे. तोडणे, उपटणे ही सावली येईपर्यंतची तजवीज आहे.

पडीक जमीन आणि वणवा

सिंधुदुर्गात तिला ऊन आणि मोकळी जागा कोणी दिली? याचे उत्तर गावाच्या बदलत्या रीतीत आहे. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना १९९० मध्ये सुरू झाली आणि जिल्ह्यातल्या वरकस जमिनींवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. आज त्यातल्या अनेक बागांचे मालक वयस्कर झाले आहेत किंवा त्यांची मुले मुंबई, पुणे, गोव्यात आहेत. भाताचे मळे सोडून दिले गेले, गुरे कमी झाली, डोंगरावरचे गवत कापायला माणूस उरला नाही. त्यात सातबारावर दहा-पंधरा नावे असली की जमीन कोणाचीच नसल्यासारखी पडून राहते. एका बाजूला नीट राखलेली बाग, गडग्याच्या पलीकडे पडीक जमीन, असे चित्र गावोगाव आहे. बी गडगा मानत नाही.

आणि आगही मानत नाही. फेब्रुवारीपासून रानमोडी सुकते. तिच्या बारीक, सुक्या काड्या एकावर एक रचलेल्या सरपणासारख्या असतात. त्यांत हवा खेळती राहते. जमिनीलगत पसरणारी गवताची आग अशा झुडपात शिरली की उंच उठते आणि कलमांच्या फांद्यांपर्यंत पोहोचते. सिगारेटचे थोटूक, विजेच्या तारांचे घर्षण किंवा मुद्दाम लावलेली आग, निमित्त काहीही असो. ऐन हंगामात, झाडावर काजूचे बी आणि आंब्याचे फळ असताना, दहा-पंधरा वर्षांची बाग एका दुपारी होरपळते.

आगीनंतर काय होते, हे अधिक महत्त्वाचे आहे. ऐन, किंजळ, कुडा, करवंद यांची लहान रोपे मरतात. रानमोडीचा गड्डा मातीत सुरक्षित राहतो आणि जूनमध्ये फुटतो. जागा मोकळी, स्पर्धक नाहीत, ऊन भरपूर. म्हणजे रानमोडी आगीला बळ देते आणि आग रानमोडीला. हे चक्र तोडल्याशिवाय सुटका नाही. म्हणून ‘जाळून टाकू, म्हणजे मुळापासून जाईल’ हा समज सर्वांत महागात पडणारा आहे.

आरोग्याशी संबंध

रानमोडीचा रस जखमेवर लावण्याची पद्धत कोकणात अनेकांना ठाऊक आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. तिच्या पानांत रक्त लवकर थांबवणारे गुण असल्याचे प्रयोगांत दिसले आहे. व्हिएतनाममध्ये तिच्यापासून जखमेचे मलम बनवले गेले. पण रानातून तोडलेला पाला निर्जंतुक नसतो. खोल जखमेला स्वच्छ पाणी, पट्टी, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि डॉक्टर यांना पर्याय नाही. आणि जखमेवर उपयोगी पडणारे झुडूप डोंगरभर वाढू द्यावे, असाही त्याचा अर्थ होत नाही.

दुसरा धागा अधिक गंभीर आहे. २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची मोठी साथ आली. पुढच्या वर्षी शेजारच्या सावंतवाडी तालुक्यातही रुग्ण सापडले. हा विषाणूजन्य आजार १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. तो रानातल्या बारीक गोचिडांच्या चाव्यातून होतो. अचानक तीव्र ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणे आणि काही रुग्णांत रक्तस्राव, अशी त्याची लक्षणे. काजूच्या बिया वेचायला, पातेरा किंवा लाकूडफाटा गोळा करायला झाडीत जाणाऱ्यांना धोका अधिक. रानमोडीमुळे हा आजार होतो असे नाही. पण गोचिडांच्या पिलांचा काळ साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत असतो, आणि बागांची सफाईही नेमकी याच काळात होते. दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाधित भागात तरी दाट झुडपांत शिरण्याचे काम त्या आधीच उरकणे हिताचे. ते शक्य नसेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे, हातापायांना आरोग्य विभागाकडून मिळणारे डीएमपी तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे धुणे, हे पाळायलाच हवे.

पावसाळ्यात काम करतानाही धोके आहेतच. फुरसे आणि इतर साप झुडपांच्या बुंध्याशी असतात, आणि चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. गमबूट आणि जाड हातमोजे घालावेत, काठीने झुडूप हलवून मगच हात घालावा, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये.

रानमोडीचे पंचांग

तिच्या वर्षाचा क्रम एकदा लक्षात घेतला की काम सोपे होते.

जून-जुलै : पहिल्या पावसानंतर नवी रोपे उगवतात. वीतभर उंचीची ही रोपे दोन बोटांनी निघतात. पायवाटेच्या कडेची, कलमाच्या आळ्यातली रोपे जाता-येता उपटावीत.

ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबर : हीच खरी वेळ. माती अजून ओली असते, त्यामुळे मूळ गड्ड्यासकट येते. पावसाचा मुख्य जोर ओसरलेला असल्याने उघडी माती वाहून जाण्याचा धोका जुलैपेक्षा कमी असतो. कळ्या अजून धरलेल्या नसतात. मोठे झुडूप असेल तर कुदळीने गड्डा जमिनीखाली चार बोटांवर तोडून बाहेर काढावा. उपटलेली झुडपे मुळे वर करून दगडावर किंवा गडग्यावर वाळत घालावीत. ओल्या मातीवर टाकली तर ती पुन्हा मूळ धरू शकतात. सुकल्यावर तीच कलमांच्या बुंध्यापासून थोडे अंतर सोडून आच्छादन म्हणून पसरावीत किंवा खतासाठी खड्ड्यात कुजवावीत. बी नसलेला तिचा पाला चांगले खत देतो.

नोव्हेंबर-डिसेंबर : फिकट जांभळट पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. उपटणे राहून गेले असेल तर निदान फूल उमलण्याआधी कापावे. धुमारे फुटतील, पण त्या वर्षीचे बी टळेल. उमललेले झुबके कापून इकडेतिकडे टाकू नयेत, कापल्यावरही त्यांत बी पिकू शकते.

जानेवारी-मार्च : बी उडण्याचे दिवस. या काळात झुडपे हलवणे म्हणजे पेरणीच. जाळरेषेसाठी, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून बागेभोवती मोकळा ठेवायच्या पट्ट्यासाठी, लागेल तेवढेच कापावे. रानातून घरी परतताना कपडे झटकावेत.

एप्रिल-मे : जाळू नये.

हे एका वर्षात संपणारे काम नाही. बहुतेक बिया पुढच्या पावसात उगवतात, पण काही मातीत काही वर्षे जिवंत राहतात. म्हणून पहिल्या वर्षी उपटलेल्या जागेवर पुढची किमान तीन वर्षे फेरी मारावी लागते. मात्र प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा हलकी असते. पहिल्या वर्षी चार माणसांचे दिवसभराचे काम, तिसऱ्या वर्षी सकाळच्या फेरफटक्यात होते. पहिल्या वर्षी दहा गुंठे साफ करून पुढे तेच राखणे, दोन एकर एकदा साफ करून सोडून देण्यापेक्षा चांगले.

सुरुवात कुठून करावी

माणसाची ओढ सर्वांत दाट भागावर आधी तुटून पडण्याची असते. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींनी १९६० च्या दशकापासून आपल्या घराजवळच्या रानात उलटे करून पाहिले. जिथे देशी झाडोरा चांगला आहे आणि तण थोडे आहे, तिथून त्यांनी सुरुवात केली. माती कमीत कमी उकरली आणि देशी रोपे जागा भरतील त्याच वेगाने दाट भागाकडे सरकल्या. ही पद्धत पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे तर्कशास्त्र सोपे आहे. चांगल्या भागात तण काढले की शेजारची झाडे ती जागा घेतात. दाट भागात काढले की मोकळ्या जागेत पुन्हा तणच येते.

कोकणात हा क्रम असा लागू होतो. आधी देवराईची कड, व्हाळाची बाजू, सड्यावरची रानफुलांची जागा आणि सावली धरलेली बाग. मग पायवाटा आणि गडग्याची हद्द. पूर्ण भरलेला पडीक डोंगर शेवटी. तिथे आधी फक्त जाळरेषा राखावी.

दक्षिण आफ्रिकेतही रानमोडीने असाच उच्छाद मांडला आहे. सेंट लुसिया सरोवराच्या काठी तिच्या सावलीने आणि मुळांनी मगरींच्या घरट्यांची जागा थंड केली. मगरीच्या पिलांचे लिंग अंड्याच्या तापमानावर ठरते. थंड घरट्यांतून माद्याच निपजण्याचा धोका संशोधकांनी दाखवून दिला. त्या देशाने १९९५ मध्ये गरिबांना रोजगार देऊन परकी झाडे काढण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. तिथल्या ह्लुह्लुवे-इम्फोलोझी अभयारण्यात रानमोडीची दाट वाढ हटली, ती सलग काही वर्षे पुन:पुन्हा फेऱ्या मारल्यामुळे.

मोकळी जागा रिकामी ठेवू नये

उपटून झाल्यावर उघडी राहिलेली जमीन रानमोडीलाच आमंत्रण देते. लहान कलमांच्या बागेत हळद, सुरण, अननस यांसारखी आंतरपिके जागा झाकतात आणि उत्पन्नही देतात. उतारावर रातांबा, जांभूळ, करवंद, कुंभा, धामण अशी इथलीच झाडे लावावीत. रातांबा लहानपणी सावली सोसतो, सदाहरित असल्याने दाट सावली धरतो, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही आहे. सड्यावर मात्र झाडे लावण्याची घाई करू नये. पावसाळ्यात तिथे गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या इवल्या वनस्पती उघड्या कातळावरच जगतात. त्यांना सावली नको असते. तिथे फक्त कडेची रानमोडी काढणे पुरे.

तणनाशकाचा मोह टाळावा. जांभ्या दगडातून पाणी झपाट्याने झिरपते आणि खालच्या विहिरीला मिळते. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. जैविक उपाय आशादायक आहेत, पण ते शेतकऱ्याच्या हातातले नाहीत. रानमोडीच्या शेंड्यावर अंडी घालून गाठी आणणारी सेसिडोकेरिस ही माशी इंडोनेशियातून आणून २००५ मध्ये भारतात सोडण्यात आली. पापुआ न्यू गिनीत तिने रानमोडीला मोठ्या प्रमाणात आवर घातला. इथे तिच्यावर भिस्त ठेवून बसण्याजोगी स्थिती नाही.

प्रत्येकीची वेगळी खोड

इतर आक्रमक वनस्पतींनाही हाच नियम लागू आहे. ती पसरते कशी, हे आधी पाहावे.

घाणेरी किंवा टणटणी पक्ष्यांनी खाल्लेल्या फळांतून पसरते. ती गुरांनी खाल्ली तर यकृत बिघडते आणि उन्हात कातडी सोलवटते. तिचे मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटांवर तोडून झुडूप उलटे करून ठेवले, तर ती पुन्हा फुटत नाही. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी विकसित केलेली ही पद्धत कॉर्बेटच्या जंगलात वापरली गेली आहे.

गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात ठळकपणे दिसले आणि देशभर पसरले. त्याच्या परागांनी दमा-सर्दी वाढते आणि संपर्काने त्वचेला खाज व चट्टे येतात, म्हणून ते उघड्या हातांनी उपटू नये. त्यावर कोकणाकडे चविष्ट उत्तर आहे, ते म्हणजे टाकळा. पावसाळ्यात भाजीसाठी खुडला जाणारा टाकळा दाट वाढतो आणि गाजरगवताला दाबतो. रस्त्याकडेला टाकळ्याचे बी टाकण्याची शिफारस तण संशोधकही करतात.

मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटन वाढले तसे बागांत पिवळ्या फुलांच्या वेडेलियाचे गालिचे आले. ही वेल तुकड्यांतून रुजते, आणि तीही त्या शंभरांच्या यादीत आहे. तिची छाटणी खाडीकाठी किंवा पुळणीवर टाकणे म्हणजे लागवड करणेच. वाळू धरून ठेवायला मर्यादवेल इथे आधीपासून आहे. समुद्राच्या पाण्यातही हाच धडा आहे. लागवडीसाठी आणलेले कॅपाफायकस हे शेवाळ तमिळनाडूत मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाजवळ प्रवाळांवर वाढत असल्याची नोंद २००८ मध्ये झाली. तेही तुकड्यांतूनच पसरते. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. समुद्री शेवाळाच्या शेतीचा विचार करताना जात कोणती, हा प्रश्न पहिला असायला हवा.

गडग्यापलीकडे

एकट्याने आपली बाग स्वच्छ ठेवली आणि शेजारच्या पडीक जमिनीवर झुडपे फुलली, तर दरवर्षी तीच मेहनत पुन्हा करावी लागते. म्हणून हे काम वाडीचे आहे. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती लोकजैवविविधता नोंदवही ठेवते. तिच्यात गावात रानमोडी कुठे दाट आहे, कुठे नुकती शिरते आहे, याचा साधा नकाशा असला तर सुरुवात कुठून करायची हे ठरते. जिल्ह्यात पावसाळा संपता संपता श्रमदानाने वनराई बंधारे बांधण्याची सवय आहे. तेच हात, तेच दिवस. बंधाऱ्याच्या जागेच्या वरची व्हाळाची दोन्ही काठे त्याच फेरीत साफ करता येतील.

पडीक जमिनीच्या मालकांना एकत्र आणण्याची वेळही पंचांगात ठरलेलीच आहे. ज्यांची नावे एका सातबारावर आहेत, पण जी वर्षभर एकत्र भेटत नाहीत, ती माणसे भाद्रपदात एकाच घरात, एकाच गणपतीसमोर आरतीला उभी असतात. दीड दिवसाचा गणपती असो की अकरा दिवसांचा, त्यातली एक सकाळ पुरते. विहिरीची वाट, घरामागचे परडे आणि बागेचा गडगा, एवढी तीन ठिकाणे घ्यावीत, माती ओली असताना झुडपे गड्ड्यासकट उपटून गडग्यावर वाळत घालावीत आणि पुढच्या वर्षी त्याच तीन ठिकाणी पुन्हा फेरी मारावी. त्या सकाळी उपटलेल्या प्रत्येक मोठ्या झुडपामागे हजारो बिया फाल्गुनाच्या वाऱ्यावर जात नाहीत, आणि शिमग्याला घरी येणाऱ्याला बाग हिरवी दिसण्याची शक्यता तेवढी वाढते.